गाडी निघाली आहे

१

रामाजी ढोले मेले ते बूट घालून. सावरगावातल्या आपल्या घराच्या ओसरीवर, खुर्चीत बसल्या बसल्या. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट आणि मांडीवर औषधांची पिशवी. फौजी दवाखान्याची गाडी येणार होती, ती त्यांना नागपूरच्या मोठ्या इस्पितळात नेणार होती. गाडी आली नाही. मरण मात्र आले, कारण त्याला कुणाची सही लागत नाही.

सकाळी ते पांढुर्ण्याच्या दवाखान्यात जाऊन आले होते. डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली आणि सांगितले, नागपूरला हलवा. पण हलवायला कागद लागतो, कागदाला संगणक लागतो, संगणकाला नेट लागते, आणि त्या शनिवारी नेट नव्हते. घरी जाऊन बसा, कागद झाला की गाडीच दाराशी येईल, असे त्यांना सांगण्यात आले. फौजी माणूस. हुकूम झाला तसा घरी येऊन बसला.

एवढेच असते तर सरकारी कामाला चार शिव्या देऊन लोक गप्प बसले असते. पण दवाखान्याने सांगितले ते वेगळेच. दुपारी रामाजींच्या बायकोचा, मनकर्णाबाईंचा, फोन आला होता म्हणे. गाडी नको, असे तिनेच सांगितले. फोन आल्याची नोंद होती आणि ऐकणारे साक्षीदारही होते.

तेरवी आटोपल्यावर सुभेदार हिरामण सोमकुवर सौंसरहून भेटायला आले, तेव्हा घरात ही अशी हवा होती. हिरामण आणि रामाजी एकाच वर्षी भरती झालेले. रामाजी तोफखान्यात गेले, हिरामण लष्करी पोलिसात. निवृत्तीनंतर माजी सैनिकांच्या संघटनेचे काम हिरामणांच्या गळ्यात पडले होते, आणि चौकशी करण्याची जुनी खोड काही सुटली नव्हती.

रामाजींचा मुलगा वैभवही फौजेत. सुटीवर आला होता. तो ओसरीच्या एका टोकाला बसला होता, आई दुसऱ्या टोकाला. बहीण प्रणाली दोघांच्या मधून ये-जा करत होती. तिने आईच्या हातचे ताट वैभवसमोर ठेवले. त्याने ते बाजूला सारले.

"शेजारच्या नानाची जीप दारात उभी होती, काका," तो हिरामणांना म्हणाला. आवाज आईला ऐकू जाईल इतका मोठा होता. "जीप नाही बोलावली, अन् गाडीले नाही म्हणलं. काहून? नागपूरचा खर्च दिसला का तिले? मी परवा चाललो. परत या घरात येईन का नाही, मले माहीत नाही."

वैभव उठून गेल्यावर हिरामण मनकर्णाबाईंजवळ जाऊन बसले.

"वहिनी, फोनवर काय म्हणलं होतं तुम्ही?"

"मी म्हणलं, लवकर पाठवा जी, यायचे हात गार पडून राहिले. तिकून आवाज आला, गाडी निघाली आहे. निघाली म्हणल्यावर मी जीप काहून बोलावू, भाऊजी? गाडी येईन अन् आम्ही घरी नसू तर?" त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "असं मले आठवते. पण तीन-तीन मानसं म्हनून राहिले, का मी नाही म्हणलं. शिकलेले मानसं. मंग मीच नाही म्हणलं असन का? मानूस बोलते एक अन् त्याले आठवते दुसरंच, असं होते का, भाऊजी?"

नवरा गेला त्याचे दुःख बाजूलाच राहिले होते. ही बाई आपण त्याला मारले का, हे स्वतःच्या जिभेला विचारत होती.

२

मध्य प्रदेशातला पांढुर्णा जिल्हा झाला, नव्या पाट्या लागल्या, नवे साहेब आले. फौजी दवाखाना मात्र होता तिथेच, भाड्याच्या दोन खोल्यांत. ज्यांचे पाय सरहद्दीवर दुखले नाहीत त्यांचे इथल्या रांगेत दुखत. औषधाच्या खिडकीतून एकच पाठ ऐकू येई : हे संपले, ते बाहेरून घ्या, याची मंजुरी यायची आहे. तरीही सगळे इथेच येत. जाणार कुठे?

दवाखान्याचे प्रमुख कर्नलसाहेब निवृत्त होते, पण रुबाब अजून नोकरीत होता. त्यांनी चहा मागवला, हळहळ व्यक्त केली.

"सूबेदार साहब, औरत घबरा गई होगी. नर्स ने फोन उठाया, स्पीकर पर था, मैंने और डॉक्टर ने भी सुना. अब बात मत बढ़ाइए." मग अगदी मायेने त्यांनी विचारले, "प्रमिला भाभी का डायलिसिस ठीक चल रहा है ना? उनका रेफरल भी तो इसी टेबल से जाता है."

प्रमिला हिरामणांची बायको. दर महिन्याला याच माणसाची सही झाली तर तिला नागपूरच्या मशीनवर झोपायला मिळे. धमकी दिली असे म्हणावे तर शब्द सगळे गोड होते.

डॉक्टर अंकुर तरुण, जबलपूरकडचा. डोळ्याला डोळा देईना. "मैंने सुबह ही कहा था, तुरंत भेजो," एवढेच त्याने दोनदा सांगितले. फोनचे विचारले तर म्हणाला, "जो चंचल ने बताया, वही." म्हणजे साहेब म्हणत डॉक्टरने ऐकले, आणि डॉक्टर म्हणत होता की चंचलने सांगितले. तीन साक्षीदारांतला एक तर इथेच गळाला.

चंचल दवाखान्याची नर्स. सावरगावचीच, ढोल्यांच्या मागच्या गल्लीतली. कंत्राटावर होती, दरवर्षी नोकरी नव्याने मागावी लागे. ती इंजेक्शनच्या खोलीत कापूस कातरत उभी होती.

"फोन तू उचलला होता?"

"हाव, काका."

"वहिनी काय म्हणाल्या?"

ती एकदम ताठ झाली. शाळेत कविता म्हणावी तशी म्हणाली, "'यायले आराम आहे. आराम पडला. गाडी नका पाठवू.'"

"साधारण असं म्हणाल्या, की हेच शब्द?"

"हेच शब्द. आराम आहे, असंच म्हणलं." तिने मान वर केली. "पाठ करून ठेवा, काका. कोणी विचारलं तर हेच शब्द सांगा. बदलवू नका."

आणि मग ती हिरामणांकडे बघत राहिली. खोटे बोलणारा माणूस नजर चुकवतो, हे हिरामणांनी नोकरीत हजारदा पाहिले होते. ही पोर नजर रोखून होती, जणू काही तरी मागत होती. काय, ते त्यांना कळेना. बाहेर साहेबांच्या बुटांचा आवाज आला आणि चंचल पुन्हा कापूस कातरू लागली.

३

गाडी अंगणात उभी होती. ड्रायव्हर मयूर तिच्या काचा पुसत होता.

"त्या शनवारी गाडी कुठं होती, मयूर?"

"इथंच जी. चाबी हातात घेऊन बसलो होतो. म्हातारीनंच नाही म्हणलं, तर मी काय करू?"

हिरामण मागचे दार उघडून आत चढले. ड्रायव्हर घाईघाईने मागे आला. आत धूळ होती, फिनेलचा वास होता, आणि स्ट्रेचरच्या चाकात एक वाळलेले पान अडकले होते. हिरामणांनी ते सोडवले. रुईचे पान, मधोमध दोरा ओवल्याचे भोक. दाराच्या कडीला आतून शेंदराचे बोट पुसलेले होते.

"गाडीची पूजा करतो जी शनवारी," मयूर न विचारताच म्हणाला.

"पूजा गाडीच्या तोंडाची करतेत, बाबू. हार समोर चढवतेत. हा हार मागं बसलेल्या माणसाच्या हातात होता, अन् शेंदूर उतरताना लागला. रुईचा हार मारुतीले जाते. शनवारी इथून कोणत्या मारुतीले लोकं जातेत, हे सांगाले पोलीस पाहिजे का?"

मयूरचा चेहरा उतरला. तो गाडीच्या पायरीवरच बसला.

"जामसांवलीच्या मारुतीले गेल्तो," तो शेवटी म्हणाला. "साहेबाचे साळे आले होते भोपाळहून, लेकरंबाळं घेऊन. म्हणे, दर्शन करून आण. मी नोकर मानूस. परत येता येता दुपार टळली."

आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. छाती दुखणाऱ्या म्हाताऱ्यासाठी दिलेली गाडी, आणि तिच्यात बसून पाहुणे देवदर्शनाला. हिरामण तडक साहेबांच्या खोलीत शिरले आणि पान टेबलावर ठेवले.

साहेबांनी पानाकडे पाहिले, मग खिडकीबाहेर मयूरकडे. राग आला असेल, पण दिसू दिला नाही.

"ठीक है. गाड़ी बाहर थी. गलती हुई, मैं ऊपर लिखकर दे दूँगा. लेकिन सूबेदार साहब, जब औरत ने ख़ुद मना कर दिया, तो गाड़ी जामसांवली में थी या आँगन में, फ़र्क़ क्या पड़ता है?"

इथेच घोडे पेंड खात होते. मनकर्णाबाईंचा नकार खरा असेल, तर गाडीचा गुन्हा साधा बेशिस्तीचा ठरत होता. रामाजींना मारल्याचा डाग पुन्हा त्यांच्या बायकोच्याच पदराला लागत होता. हिरामणांच्या हातात चोर लागला होता आणि निरपराध बाई तशीच अडकलेली होती.

"भाभी की तारीख़ अगले हफ़्ते है ना?" साहेबांनी मागून विचारले.

४

दुसऱ्या दिवशी हिरामण सावरगावला गेले ते हात हलवत. वैभव बॅग भरत होता. संध्याकाळच्या गाडीने निघणार होता. गाडी जामसांवलीला गेली होती हे त्याला सांगितले, तर त्याने दात आवळले. "त्यायले मी सोडणार नाही. पण आईनं हाव म्हणलं असतं, तर त्यायले कोठूनही गाडी आणावी लागली असती. का नाही?"

ओसरीवर मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा नुसता हाडांचा झाला होता. प्रणाली त्यांच्यासमोर चहाची बशी धरून बसली होती.

रामाजींच्या पलटणीतले एक म्हातारे शिपाई काठी टेकत आले. दारातूनच म्हणाले, "राम राम, वहिनी."

"या, बसा," मनकर्णाबाई म्हणाल्या. मग हिरामणांना सांगू लागल्या, "प्रणालीही उद्या जाते, भाऊजी. कोन्याले. तिच्या घरीही लेकरं आहेत."

"कोन्याले म्हणजे? कोणता कोना?"

प्रणालीच्या तोंडावर किती दिवसांनी पुसटसे हसू आले. "रामाकोना, काका. माह्या सासरचं गाव. आई बाबाचं नाव घेत नाही ना! गावाच्या नावात बाबा आहेत, मंग अर्धंच गाव सांगते. बसमध्येही कोन्याचं तिकीट मागते. कंडक्टरले आता समजून गेलं."

हिरामणांनी कप खाली ठेवला.

नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या बायका त्यांना नव्या नव्हत्या. पण हिरामणांच्या वस्तीत आणि घरात ती रीत केव्हाच मोडली होती. प्रमिला त्यांना खुशाल नावाने हाक मारी. भेटल्यावर ते जय भीम म्हणत आणि वहिनी नमस्कार म्हणत, त्यामुळे इतक्या वर्षांत वहिनींच्या तोंडी राम नाही, हे कधी ध्यानातच आले नव्हते.

"प्रणाली," ते हळूच म्हणाले, "आराम हा शब्द तुही आई बोलते का?"

"कशी बोलन? त्यातही नाव येते. ती उतार म्हणते. उतार पडला, उतार नाही. डॉक्टर विचारते आराम आहे का, ही म्हणते उतार नाही." ती पुन्हा हसली. "लहानपणी आम्ही खूप चिडवलं तिले. काकू, एक डाव आराम म्हना, तवाच घरी जातो! चंचल तर आंगनात ठाण मांडून बसे. आई लाटणं घेऊन मागं धावे, पण शब्द काही तोंडातून काढत नव्हती."

"कोण बसे?"

"चंचल. मागच्या गल्लीतली. दवाखान्यात नर्स आहे ना, तीच."

हिरामण उभे राहिले. इतका वेळ ते खोट्यातली चूक शोधत होते. ती चूक नव्हतीच.

"वैभव," त्यांनी हाक मारली, "बॅग राहू दे. चल माझ्यासंग."

५

कर्नलसाहेबांच्या खोलीत सगळे उभे होते : डॉक्टर, मयूर, चंचल आणि दाराशी वैभव. साहेब तेवढे बसले होते.

"चंचल," हिरामण म्हणाले, "वहिनी फोनवर काय म्हणाल्या? तेच शब्द."

"यायले आराम आहे. आराम पडला. गाडी नका पाठवू."

वैभवने चमकून वर पाहिले. इतके दिवस त्याने फक्त 'आईने नाही म्हटले' एवढेच ऐकले होते. शब्द आज पहिल्यांदा ऐकत होता.

"आई असं म्हणूच नाही शकत," तो पुटपुटला. "आराम?"

डॉक्टरला काही कळेना. हिरामणांनी त्याला दोन वाक्यांत समजावले. मनकर्णाबाईंनी लग्न झाल्यापासून नवऱ्याचे नाव आणि ते नाव ज्यात येते असा एकही शब्द उच्चारलेला नाही.

"तो मतलब वही होगा, लफ़्ज़ नर्स के होंगे," साहेब म्हणाले. "इसमें क्या है?"

"तेच मीही म्हणलं असतं, साहेब. पण मी तिले विचारलं होतं, साधारण असं का हेच शब्द? ती म्हणाली, हेच. बदलवू नका म्हणाली. आता पाहा. खोटं पचवायचं असलं, तर मानूस ते खऱ्यासारखं करते. वहिनी कशा बोलतेत, हे या दवाखान्यात एकटीले माहीत होतं. तिनं 'उतार पडला' म्हणलं असतं, तर मी मान खाली घालून घरी गेलो असतो. सारं सावरगाव फसलं असतं. अन् तिनं नेमका तोच शब्द घातला, जो त्या तोंडातून कधीच निघत नाही. एकदा नाही, दोनदा." हिरामण चंचलकडे वळले. "हे खोटं तू पकडल्या जावं म्हनून बोलली, पोरी. मले समजाले वेळ लागला."

चंचलने साहेबांकडे पाहिले.

"चंचल," साहेब शांतपणे म्हणाले, "जो बताया था, वही बोलना."

"बताया था?" डॉक्टर अंकुर पहिल्यांदाच मान वर करून बोलला. "किसने बताया था, सर?"

चंचलचा बांध तिथेच फुटला. रडत रडत ती बोलत गेली. काकू फोनवर ओरडत होत्या, हात गार पडले, गाडी पाठवा. साहेब शेजारीच उभे होते. गाडी जामसांवलीला अडकलेली. दुसरी गाडी मागवावी, तर आपली कुठे गेली हे लिहून द्यावे लागले असते. साहेब म्हणाले, बोल दो निकल गई है. आणि तिने तसे सांगितले. माणूस गेल्याचे कळल्यावर साहेब म्हणाले, आता असे सांग की तिनेच नको म्हटले, नाहीतर पुढच्या वर्षीचे कंत्राट विसर.

म्हणजे मनकर्णाबाईंना जे आठवत होते, ते अक्षर न् अक्षर खरे होते. गाडी निघाली आहे, या शब्दांवर विसंबून त्यांनी दारातली जीप बोलावली नाही. रामाजींना त्या शब्दांनी ओसरीवर बसवून ठेवले आणि तिथेच मारले.

हिरामणांना त्या पोरीची कीव आली आणि तिच्या कानाखाली वाजवावी असेही वाटले. "शब्द पेरून बसली तू," ते म्हणाले. "कोणीतरी येईन अन् ओळखीन म्हनून. अन् तोवर ती बाई रोज स्वतःले विचारून राहिली, का मीच मारलं का. तुह्या गल्लीतून तिचं आंगण दिसते ना?"

"दिसते, काका," चंचल म्हणाली. "मी तिकडची खिडकी उघडतच नाही."

वैभव साहेबांच्या टेबलापाशी गेला. मयूर मध्ये पडायला धावला, पण गरज पडली नाही. वैभव नुसता उभा राहिला. त्याच्यासमोर साहेबांनी टोपी उचलली, डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "चौकशी होगी," ते म्हणाले. "सबकी होगी. आपकी भी, सूबेदार साहब." आवाज अजून गोडच होता.

हिरामणांना प्रमिला आठवली. पुढच्या आठवड्याची सही आठवली. तरी ते म्हणाले, "होऊ द्या," आणि चंचलला पुढे घालून बाहेर पडले. रांगेतल्या म्हाताऱ्यांनी त्यांना वाट करून दिली आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. खिडकीतून आवाज येत होता, नेट नाही, उद्या या.

६

ओसरीवर मनकर्णाबाई तशाच बसल्या होत्या. चंचल पायरीपाशी थबकली. तिला वर चढवेना. वैभव तिच्या मागे उभा होता आणि आईकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

"काकू, फोन मी उचलला होता," चंचल म्हणाली.

मनकर्णाबाईंनी तिच्याकडे पाहिले. ओरडतील, अंगावर धावून जातील, असे हिरामणांना वाटले. त्या सरकत सरकत पायरीच्या काठापर्यंत आल्या.

"मंग तुले माहा आवाज ऐकू आल्ता?"

"हाव."

"काय म्हणलं होतं मी?"

"तुम्ही म्हणलं, लवकर पाठवा जी, यायचे हात गार पडून राहिले. दोनदा म्हणलं. मी म्हणलं, गाडी निघाली आहे. गाडी निघाली नव्हती, काकू."

"म्हणजे मी बोलावली होती."

"बोलावली होती."

मनकर्णाबाईंनी मान डोलावली. एकदा, पुन्हा एकदा. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्या घरात अंत्यविधीच्या दिवशीही कुणी ऐकला नव्हता. वैभव धावला, आईला कवेत घेऊन खाली बसला. प्रणाली आतून आली आणि दोघांच्या गळ्यात पडली.

हिरामणांनी बाहेर येऊन फाटक ओढून घेतले. रडणे ऐकून शेजारची बाई पीठ भरल्या हातांनी पळत आली.

"काय झालं, भाऊजी? कोण गेलं?"

"रामाजी गेले," हिरामण म्हणाले.

बाई गोंधळून त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. हिरामणांनी खुलासा केला नाही.